डिझेलची नळी बदलताना आटा पाहा, बैठकही पाहा



रेडिओवर सांगितलेली गोष्ट ऐकताना सोपी वाटते. पण बोलण्यात आकडे आले की ते या कानानं येतात आणि त्या कानानं जातात. नटाचा व्यास, आट्यांचं माप, पाइपची जाडी हे ऐकून ध्यानात राहायचं नाही. म्हणून हे पत्रक छापून दिलं आहे. वाचून झाल्यावर घडी घाला आणि ट्रॅक्टरच्या नाहीतर टिलरच्या हत्यारांच्या पेटीत ठेवा. काम पडेल तेव्हा ते तिथंच हाताशी हवं.

समजा, आर्द्रा लागल्या आहेत. राबातलं रोप २१ ते २५ दिवसांचं झालं, म्हणजे लावणीला अगदी जोगं. खाचरात पाणी धरलंय, बांधावर माणसं लावणीला उभी आहेत आणि टिलर चिखलणी करता करता बंद पडला. पाहता तो डिझेलची नळी नटाजवळ तडकलेली. कोणीतरी मोटारसायकलवरून दुकानात जातो आणि 'तशीच दिसणारी' नळी घेऊन येतो. नट हातानं दोन फेरे जातो, मग अडतो. आपण म्हणतो, नवीन आहे, घट्ट असणारच. पाना लावतो, जोर देतो. नट बसतो, गळती थांबल्यासारखी वाटते. दुसऱ्या दिवशी धक्क्यानं नळी निसटते, आणि बघायला जावं तर पंपाच्या ॲल्युमिनियमच्या अंगातले आटे सोलून निघालेले. नळी स्वस्तातली होती, पंप तसा नाही. वर लावणीचे दिवस गेले ते गेलेच.

हे सारं टळू शकतं. त्यासाठी फिटर व्हायला नको. दोन गोष्टी ओळखता आल्या म्हणजे झालं. एक आटा आणि दुसरी बैठक.

आपल्या भागात हा घोळ का होतो

खारघरच्या नावातच खार आहे. एकेकाळी खारघर, बेलपाडा, कोपरा, मुर्बी, पेठ, ओवे ही भातखाचरांची गावं. १९७० साली सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या आणि खाचरांवर सेक्टर उभे राहिले. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली. पण गावातली यंत्रं काही गेली नाहीत. कोणी ट्रॅक्टरला ट्रॉली नाहीतर पाण्याची टाकी जोडून धंदा करतो, कोणी भाजीचा टेम्पो चालवतो, कोणी नेरे-वावंज्याकडे अजून भात लावतो. डोंगरावरच्या वाड्यांत पाणी चढवायला डिझेल इंजिनही लागतं. नवी गाडी आणि तीस-चाळीस वर्षांचं जुनं इंजिन एकाच अंगणात उभं असतं.

आणि या यंत्रांची घराणी निरनिराळी. आयशरचा ट्रॅक्टर १९५९ साली जर्मन कंपनीच्या सहकार्यानं निघाला. १९६० साली मद्रासला टॅफे कंपनी निघाली, तिच्याकडे मॅसी फर्ग्युसनचं काम. १९६३ साली महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर भागीदारी केली, त्यातून बी-२७५ ट्रॅक्टर आला. १९७१ साली एच.एम.टी.नं चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्यानं पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला घेतला. पॉवर टिलरमध्ये बंगलोरच्या व्ही.एस.टी.नं जपानच्या मित्सुबिशीचा हात धरला.

आता साधारण नियम असा, की ब्रिटिश-अमेरिकन घराण्याच्या जुन्या इंजिनांवर इंची आटे आणि जर्मन, झेक, जपानी घराण्याच्या इंजिनांवर मिलिमीटरचे, म्हणजे मेट्रिक आटे. आपल्या देशात मेट्रिक मापं १९५६ च्या कायद्यानं आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली. पण जुने आराखडे आणि जुने साचे कायदा झाला म्हणून एका दिवसात बदलत नाहीत. शिवाय एकाच ट्रॅक्टरवर इंजिन इंची आणि त्यावरचा पंप मेट्रिक, असंही असतं. सी.ए.व्ही. नमुन्याच्या फिल्टरचं डोकं अर्धा इंच यू.एन.एफ. आट्यातही मिळतं आणि १४ मिलिमीटर मेट्रिक आट्यातही. दोन्ही शेजारी ठेवली तर बाहेरून सारखीच दिसतात. मागच्या मालकानं कधीतरी फिल्टर बदललेला असला, तर तुमच्या ट्रॅक्टरवर कोणता आटा आहे हे कंपनीच्या नावावरून सांगता येणार नाही. ते मोजूनच कळेल.

आटा धरतो, बैठक अडवते

या पत्रकातली मुख्य गोष्ट हीच, म्हणून सावकाश वाचा. इंधनाच्या बहुतेक जोडांत आट्याचं काम फक्त दाबून धरण्याचं. डिझेल अडवण्याचं काम बैठक करते. बैठक म्हणजे जिथं धातूला धातू किंवा धातूला वायसर चिकटून बसतो ती जागा. आटा जुळला आणि बैठक जुळली नाही, तर नट कितीही कसा, जोड गळणारच. जोडाचे नेहमीचे प्रकार असे :

१. बँजो जोड. नळीच्या टोकाला कडी, तिच्यातून पोकळ बोल्ट जातो. कडीच्या वर एक आणि खाली एक, असे तांब्याचे दोन वायसर. डिझेल अडवतात ते हे वायसर.

२. फुलवलेल्या तोंडाचा जोड, म्हणजे फ्लेअर. पाइपचं तोंड कर्ण्यासारखं फुलवलेलं असतं आणि ते शंकूवर बसतं. शंकूचा उतार दोन प्रकारचा येतो, ३७ अंशांचा आणि ४५ अंशांचा. काही मापांत दोन्हींचा आटा अगदी एकच असतो. नट झकास बसतो, पण तोंड शंकूवर एका कडेलाच टेकतं. इथं पुष्कळ जण फसतात.

३. रिंगचा जोड. सरळ पाइपवर पितळी नाहीतर लोखंडी रिंग चढवतात. नट कसला की रिंग पाइपला आवळून बसते. इथं पाइपचा बाहेरचा व्यास तंतोतंत लागतो.

४. निमुळत्या आट्याचा जोड. यात मात्र आटाच डिझेल अडवतो. आटा पुढं बारीक, मागं जाड, जसा कसाल तसा घट्ट होत जातो. सीलिंगचा लेप लागतो तो फक्त याच जोडाला.

जुनी नळी काढली की आधी हे पाहा, आपला जोड या चारांपैकी कोणता. मग आट्याकडे वळा.

आटा कसा मोजायचा

दोन मापं घ्यायची. पहिलं, आट्याचा बाहेरचा व्यास. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम, तळोज्याच्या कुठल्याही लेथवाल्याकडे असतोच. बोल्टाचा व्यास नावापेक्षा दशांश-दोन दशांश मिलिमीटर कमी भरतो, म्हणजे १४ चा बोल्ट १३.८ ते १३.९ भरेल. घाबरू नका, ते बरोबर आहे. नटाचं तोंड आतून मोजलं तर ते बोल्टापेक्षा साधारण एका आट्याइतकं कमी असतं. १४ मिलिमीटर, दीडच्या आट्याचा नट असेल तर भोक साडेबाराच्या आसपास भरेल.

दुसरं, एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर. याला पिच म्हणतात. मेट्रिकमध्ये ते मिलिमीटरमध्ये सांगतात, इंचीमध्ये एका इंचात किती आटे ते सांगतात. पिच गेज नावाची दातेरी पानांची सुरी मिळते, ती लावली की लगेच कळतं. ती नसेल तर एका टोकावरून मोजायला सुरुवात करा. पहिल्या आट्याच्या माथ्यापासून सहाव्या आट्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर घ्या. ही पाच घरं झाली. माथे दिसत नसतील तर आट्यावर पांढरा कागद दाबून वरून पेन्सिल फिरवा, रेघा उमटतील.

नेहमी गल्लत होणाऱ्या आट्यांची मापं खाली दिली आहेत. आधी बाहेरचा व्यास, मग पाच घरांचं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये.

– मेट्रिक १० × १ : व्यास १०.०, पाच घरं ५.०
– १/८ इंच बी.एस.पी. : व्यास ९.७, पाच घरं ४.५
– मेट्रिक १२ × १.२५ : व्यास १२.०, पाच घरं ६.२५
– मेट्रिक १२ × १.५ : व्यास १२.०, पाच घरं ७.५
– १/२ इंच यू.एन.एफ., इंचाला २० आटे : व्यास १२.७, पाच घरं ६.३५
– १/४ इंच बी.एस.पी., इंचाला १९ आटे : व्यास १३.२, पाच घरं ६.७
– मेट्रिक १४ × १.५ : व्यास १४.०, पाच घरं ७.५
– ९/१६ इंच यू.एन.एफ., इंचाला १८ आटे : व्यास १४.३, पाच घरं ७.०५
– मेट्रिक १६ × १.५ : व्यास १६.०, पाच घरं ७.५
– ५/८ इंच यू.एन.एफ., इंचाला १८ आटे : व्यास १५.९, पाच घरं ७.०५

या यादीत तीन सापळे आहेत, ते नीट ध्यानात घ्या.

पहिला सापळा नावाचा. बी.एस.पी. हा पाण्याच्या नळाचा आटा. त्याचं नाव पाइपच्या पोकळीवरून पडलेलं. म्हणून 'पाव इंची' बी.एस.पी. आटा बाहेरून पाव इंच, म्हणजे दोन सूत नसतो. तो तेरा मिलिमीटरच्या पुढं भरतो. पट्टीनं मोजून 'हा अर्धा इंच' असं सांगितलंत, की दुकानदार भलताच नट काढून देईल.

दुसरा सापळा दोन फेऱ्यांचा. मेट्रिक १४ × १.५ चा बोल्ट ९/१६ यू.एन.एफ.च्या भोकात दोन-तीन फेरे सुखानं जातो आणि मग अडतो. पाव इंची बी.एस.पी. आणि अमेरिकन पद्धतीचा पाव इंची एन.पी.टी. यांचंही तसंच. एकाला इंचात १९ आटे, दुसऱ्याला १८. सुरुवातीला फरक जाणवत नाही, आत जाईल तसा तो साठत जातो. म्हणून नियम असा : स्वच्छ, तेल लावलेला सरळ आट्याचा नट शेवटपर्यंत बोटांनीच गेला पाहिजे. पाना फक्त शेवटच्या कसणीला.

तिसरा सापळा सगळ्यात वाईट, कारण तो अडतच नाही. मेट्रिक १२ × १.२५ चा बोल्ट अर्धा इंच यू.एन.एफ.च्या भोकात शेवटपर्यंत जातो. दोघांचं पिच जवळजवळ सारखं, फक्त बोल्ट पाऊण मिलिमीटर बारीक. आटे एकमेकांना वरवर धरतात. कसला की आधी बसल्यासारखा वाटतो आणि मग एकदम हलका होतो. आटे सोललेले असतात. म्हणून नट नुसता गेला यावर भागवू नका. अर्धवट चढवून बाजूला हलवून पाहा. डुगडुगत असेल तर तो तुमचा आटा नव्हे.

घरगुती खात्रीची एक युक्ती आहे. ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे असा बोल्ट घ्या, त्याचे आटे आपल्या बोल्टाच्या आट्यांत बसवा आणि जोडी उजेडाकडे धरा. मध्ये फट दिसली नाही तर पिच एक. उजेड झिरपला तर वेगळं.

पाइप आणि रबरी नळी

धातूचा पाइप बाहेरच्या व्यासानं ओळखतात आणि रबरी नळी आतल्या. ८ मिलिमीटरच्या पाइपवर ८ मिलिमीटर आतला व्यास असलेली नळी चढते. हे उलटं सांगितलं की क्लिप आवळून आवळून नळी चिरते.

रिंगच्या जोडात इंच-मिलिमीटरची सरमिसळ चालत नाही. ५/१६ इंच म्हणजे ७.९ मिलिमीटर, हा ८ च्या इतका जवळ की सहसा निभावतं. पण पाव इंच म्हणजे ६.३५, त्यावर ६ ची रिंग चढणारच नाही. आणि ३/८ इंच म्हणजे ९.५, त्यावर १० ची रिंग सैल राहते. आज गळली नाही तरी थरथरीनं निसटेल.

रबरी नळी घेताना ती इंधनासाठीच बनवलेली आहे हे नळीवरची छपाई वाचून पाहा. पाण्याची किंवा फवारणीची नळी चालणार नाही, डिझेलनं ती फुगते आणि आतून तिचे पापुद्रे सुटतात. पेट्रोलवरच्या फवारणी पंपांना आणि गवत कापण्याच्या यंत्रांनाही ही खबरदारी घ्या. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. इथेनॉलनं जुन्या पद्धतीचं रबर मऊ पडतं. जुनी नळी बोटानं दाबून, वाकवून पाहा. चिकट लागली किंवा भेगा दिसल्या तर बदला.

जस्ताचा मुलामा दिलेली, म्हणजे जी.आय.ची पाण्याची फिटिंग डिझेलला लावू नका. जस्ताचा डिझेलशी संयोग होऊन चिकट मळी तयार होते आणि ती फिल्टर चोंदवते.

दुकानात जाताना

जुनी नळी दोन्ही टोकांच्या नटांसह बरोबर न्या. नुसता नट नेऊन भागत नाही, तो ज्यात बसतो तो भाग निघत असेल तर तोही न्या. निघत नसेल तर त्याचं माप कागदावर लिहून न्या. दोन्ही टोकं सारखी असतील असं धरून चालू नका. एक टोक इंची, दुसरं मेट्रिक, असं हमखास असतं. इंजिनावरच्या पाटीचा नंबर आणि पंपावरच्या पाटीचा नंबर, दोन्ही टिपून घ्या.

दुकानात नवा नट जुन्या बोल्टावर तिथंच बोटांनी फिरवून पाहा. 'बसेल हो, थोडा जोर द्या' असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका.

दोन निराळे आटे जोडायचेच असतील तर लेथवाल्याकडून जोड-तुकडा करून घ्या, एका बाजूला हा आटा, दुसऱ्या बाजूला तो. पंपाच्या किंवा फिल्टरच्या अंगात नवा आटा पाडायचा मोह टाळा. तुकडा बिघडला तर दुसरा होतो, पंपाचं अंग दुसरं होत नाही. तुकडा लावल्यावर दोन्ही आट्यांची मापं तेलरंगानं बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुमचा मुलगा तुम्हाला दुवा देईल.

बसवण्याची रीत

१. इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची ऋण तार काढा. बिडी-काडी लांब. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणून गाफील राहू नका. मानकाप्रमाणे ३५ अंश सेल्सिअसच्या वर डिझेलचीही पेट घेण्याइतकी वाफ होऊ शकते. तापलेल्या सायलेन्सरपुढं ३५ अंश म्हणजे काहीच नव्हे. वाळूची बादली जवळ ठेवा. पेटलेल्या डिझेलवर पाणी मारू नका.

२. जोडाच्या आसपासची माती ब्रशनं काढा, मगच नट सोडवा. खाडीकडच्या खाऱ्या हवेनं नट गंजून धरतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल लावून ठेवा. गॅसच्या ज्योतीनं तापवू नका.

३. दोन पाने वापरा. एकानं फिल्टरचा किंवा पंपाचा भाग धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं जोर दिला तर मागचा भागच फिरतो आणि तिथून नवी गळती सुरू होते.

४. सांडणारं डिझेल पातेल्यात धरा. ते खाचराच्या पाण्यात जाऊ देऊ नका, त्याचा तवंग रोपाला आणि माशांना दोघांनाही वाईट.

५. तांब्याचे वायसर दर वेळी नवे घाला. एकदा दबलेला वायसर कडक होतो. अगदीच नवे नसतील तर जुना वायसर यंत्रापासून लांब नेऊन चुलीवर मंद लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका, राख पुसून घ्या. तांबं पुन्हा मऊ होतं. पण वायसर वाकडा किंवा चिरलेला असेल तर फेकाच.

६. आधी दोन्ही टोकांचे नट बोटांनी पूर्ण चढवा, नंतर कसा. एक टोक आधी कसून टाकलं तर दुसरं टोक तिरकं येतं आणि आटा आडवा चढतो. आटा आडवा वाटला तर नट उलटा फिरवत राहा, 'टक्' करून आटा उतरल्याचं जाणवेल, तिथून पुन्हा सुलटा चढवा.

७. बँजो, फ्लेअर आणि रिंग या जोडांना टेफ्लॉनची टेप, सफेदा, सुतळी यांपैकी काही लावायचं नाही. ते बैठकीला चिकटू देत नाही, आणि टेपचे धागे आत जाऊन नोझलपर्यंत पोचतात. निमुळत्या आट्याला डिझेलला टिकणारा द्रव लेप लावा, तोही पहिले एक-दोन आटे मोकळे सोडून.

८. पाइप सायलेन्सरपासून दूर ठेवा आणि क्लिपांनी इंजिनाच्या अंगाला बांधा. लोंबकळणारा पाइप थरथरून नटापाशीच तुटतो. तुमचा पहिला पाइप तुटला तो कदाचित याच कारणानं.

हवा काढणं आणि न दिसणारी गळती

नळी बदलली की आत हवा शिरते. टाकी भरा. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करा आणि फीड पंपाची हाताची दांडी मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग निव्वळ डिझेल. तसंच धार चालू असताना स्क्रू आवळा. मग पंपावरच्या स्क्रूला हीच रीत. शेवटी इंजिन सुरू करून पाच मिनिटं चालवा, बंद करा, आणि प्रत्येक जोड कोरड्या फडक्यानं पुसून त्याला पांढरा कागद लावून पाहा. डाग पडला तर जोड गळतो आहे.

एक मात्र विसरू नका. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो तो भाग ओढीखाली असतो. तिथला जोड सैल असला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. एक थेंब दिसत नाही, पण इंजिन दर अर्ध्या तासानं दमतं आणि बंद पडतं. पुष्कळ जण अशा वेळी पंप उघडायला नेतात. आधी टाकीपासून फीड पंपापर्यंतचे आटे, वायसर आणि क्लिपा तपासा.

आणि ठिबकणारा जोड 'एवढं चालतंच' म्हणून सोडणाऱ्यांनी एक करावं. जोडाखाली एक तास वाटी ठेवा, जमलेलं डिझेल मोजा आणि दिवसाच्या तासांनी गुणा. मग चालतं का ते तुम्हीच सांगा.

इथं हात लावायचा नाही

वर सांगितलं ते सारं टाकीपासून पंपापर्यंतच्या कमी दाबाच्या नळ्यांचं. पंपापासून नोझलपर्यंतचे जाड अंगाचे, बारीक भोकाचे पोलादी पाइप ही निराळी जात. जुन्या इंजिनातही तिथं दोनशे बारच्या आसपास दाब असतो. कॉमन रेल इंजिनात तो हजार बारच्या पुढं जातो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागू झाले, तेव्हापासून असे ट्रॅक्टर शेतात वाढले आहेत. या पाइपांना झाळ लावायची नाही, ते वाकवून जुळवायचे नाहीत, दुसऱ्या इंजिनाचे घालायचे नाहीत. त्यांची लांबी आणि भोक कंपनीनं ठरवलेलं असतं. तसाच पाइप मागवा आणि जाणत्या माणसाकडून बसवून घ्या. कॉमन रेलचा नट हवा काढायला म्हणूनसुद्धा सैल करू नका.

चालू इंजिनात त्या पाइपची गळती बोटानं चाचपू नका. फवारा केसाइतका बारीक असतो, दिसत नाही, पण कातडी भेदून डिझेल आत घुसवतो. बाहेर सुईच्या टोकाएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत मांस सडायला लागतं. असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि 'दाबानं डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट, हातही गमवावा लागतो. गळती शोधायचीच तर लांबून पुठ्ठा धरा.

सी.एन.जी.वर चालणारे टेम्पो आणि रिक्षा पनवेल-खारघरात आता पुष्कळ आहेत. त्यांच्या टाकीत २०० बार दाबाचा वायू असतो. त्या नळीचा एकही नट घरी सोडवायचा नाही. परवाना असलेल्या कारखान्यातच जा.

नेहमीच्या तीन शंका

'आटे थोडे गेलेत, टेप गुंडाळून भागेल का?' नाही. टेप डिझेलची वाट थोडी अडवील, पण नट धरून ठेवणार नाही. लेथवाल्याला दाखवा. धातूत जागा असेल तर आतून नवा आटा बसवता येतो.

'रात्रीची वेळ, दुकान बंद, तडकलेल्या पाइपवर रबरी नळी चढवू का?' टाकीकडच्या कमी दाबाच्या पाइपवर, इंधनाचीच नळी, दोन्ही बाजूंना क्लिपा लावून, घरी पोचण्यापुरती चालेल. सायलेन्सरजवळ नाही आणि नोझलकडच्या पाइपवर तर मुळीच नाही. सकाळी पक्कं काम करा.

'जास्त कसलं तर गळती थांबते ना?' बैठक बरोबर असेल तर बेताच्या कसणीनंच थांबते. नसेल तर जास्त कसून फक्त बिघाड वाढतो.

आता पाऊस यायच्या आत, राब भाजून झाले की एक दुपार काढा. यंत्राच्या टाकीपासून पंपापर्यंतचा प्रत्येक जोड पुसून पाहा, मापं घ्या, या पत्रकाच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहा, आणि तांब्याच्या वायसरांची एक पुडी पेटीत टाकून ठेवा. आर्द्रात खाचरात उभं राहून आटे मोजण्यापेक्षा वैशाखात सावलीत बसून मोजलेले बरे.

राम राम.